कृष्णाकाठची फुलराणी : कै. भक्ती बर्वे-इनामदार

आपल्या स्मरणिकेचे जुने अंक चाळीत बसण्याचा छंद प्रस्तुत लेखकास फार दिवसांपासून आहे. त्यांत कुलवृत्तान्त आहेत, देवस्थानांच्या सनदा आहेत, विलायतेहून परीक्षा देऊन आलेल्या गृहस्थांची चरित्रे आहेत, विद्यार्थिवृत्ती मिळविणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे आहेत. नटीचे चरित्र मात्र एकही आढळले नाही. हा योगायोग नव्हे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी नाटके आवडीने पाहिली, नाट्यपदे देवघरात गुणगुणली, परंतु घरातील मुलीने रंगमंचावर पाऊल टाकावे हे त्यांस मानवले नाही. म्हणून संपादकांनी विषय निवडण्याची मोकळीक देताच मी हाच विषय घेतला. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्या कोणत्या ज्ञातीच्या, हे मी सांगत बसणार नाही. त्या सांगलीच्या होत्या आणि त्यांचा शेवटचा प्रयोग सातारा जिल्ह्यातील वाई येथे झाला, एवढे नाते कृष्णाकाठच्या आपणां सर्वांस पुरेसे आहे.

सांगली ही नाटकाची गंगोत्री, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. इ. स. १८४३ मध्ये श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले. त्या सीतेच्या वेषात एक मुलगा होता. पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ आणिली. जरठकुमारी विवाहाविरुद्ध असा टाहो मराठीत पूर्वी कोणी फोडला नव्हता; पण त्या शारदेचे दुःखही मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या कंठातूनच लोकांनी ऐकिले. खास सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची भामिनी आणि रुक्मिणी बालगंधर्वांनी अजरामर केली, आणि त्यांच्या शालूंची नक्कल घरोघरच्या स्त्रियांनी केली. स्त्रीने कसे नेसावे, कसे चालावे, कसे लाजावे हे जवळजवळ शंभर वर्षे पुरुषांनी ठरविले व स्त्रियांनी ते प्रेक्षागारातून पाहून शिकून घेतले. आज हे आठवले की गंमतही वाटते आणि थोडी लाजही वाटते.

पालट हळूहळू झाला. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरील मिरजेस १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्या हे सिद्ध केले. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने तोच शिरस्ता गद्य नाटकात रूढ केला. तथापि रूढी नाटकगृहात मोडली म्हणजे माजघरातही मोडते असे नाही. आमच्या आत्याबाईंचीच कथा पाहा. १९५० च्या सुमारास त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक प्रवेश व्हावयाचा होता. आत्याबाईंचा आवाज खणखणीत म्हणून मुख्य भूमिका त्यांस मिळाली. पंधरा दिवस तालमी झाल्या. सोळाव्या दिवशी आमच्या आजोबांच्या कानी ही वार्ता गेली आणि आत्याबाईंस ताप आला आहे अशी चिठ्ठी शाळेत गेली. ताप आलेला नव्हता. संमेलनाच्या रात्री त्यांनी माजघरात बसून आपले संपूर्ण भाषण धाकट्या बहिणीस म्हणून दाखविले, एवढेच त्यांचे रंगजीवन.

याच सांगलीत दि. १० सप्टेंबर १९४८ रोजी भक्ती बर्वे यांचा जन्म झाला. आत्याबाईंमध्ये व त्यांच्यामध्ये अंतर म्हटले तर अवघे दहाबारा वर्षांचे. पण एवढ्या काळात मुंबईत एक गोष्ट घडून आली होती. अमेरिकेस जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ ही संस्था काढून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ मंचावर आणिले आणि मुलांसाठी नाटक ही करमणूक नसून शिक्षण आहे, अशी भावना सुशिक्षित पालकांत निर्माण केली. जी गोष्ट ‘नाटक’ म्हणून वर्ज्य होती ती ‘संस्कार’ म्हणून ग्राह्य झाली. आपली माणसे शब्दाला भुलतात खरी, पण कधीकधी त्याचा लाभही होतो. भक्तीबाई बालवयातच या संस्थेत दाखल झाल्या. उभे कसे राहावे, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवावा, दुसरा बोलत असता आपण काय करावे, याचे धडे त्यांनी येथे गिरविले. मोठेपणी व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या अनेक नटींस जे अंगी बाणवावे लागले ते त्यांच्या अंगी बालपणीच मुरले.

पुढे त्या आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका झाल्या. आजच्या पिढीस निवेदिकेच्या कामाचे महत्त्व सांगून पटावयाचे नाही. त्या काळी घरात एकच रेडिओ असे, तोही बैठकीच्या खोलीत फळीवर विणलेल्या रुमालाखाली. त्यातून येणारा आवाज हा घरातील एक वडील माणूस असे. निवेदिकेस चेहरा नाही, हातवारे नाहीत, साडी नाही, दागिना नाही. बंद खोलीत तांबडा दिवा लागला की समोरच्या निर्जीव यंत्राशी अशा रीतीने बोलावयाचे की दूर खेड्यात चुलीपाशी बसलेल्या बाईला वाटावे, ही आपल्याशीच बोलते आहे. श्वास कोठे घ्यावा, कोणत्या शब्दावर किंचित थांबावे, ‘च’ दंतव्य की तालव्य, हे सारे तेथे क्षणोक्षणी तपासले जाते. दि. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेथेही भक्तीबाई बातम्या देऊ लागल्या. स्मिता पाटील याही त्याच केंद्राच्या वृत्तनिवेदिका होत्या, हे पुष्कळांस आठवत असेल. ज्या मुलींस मंचावर पाठविण्यास पालक कचरत त्यांच्याच वयाच्या या मुली आता सायंकाळी घरांच्या बैठकीत येऊन राज्यकारभाराच्या वार्ता सांगू लागल्या, आणि कोणाच्याही आजोबांनी त्यास हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचे नाव याच सुमारास होऊ लागले. वसंत कानेटकर यांच्या ‘अखेरचा सवाल’ या नाटकात विजया मेहतांसारख्या कसलेल्या अभिनेत्रीसमवेत त्या उभ्या राहिल्या. कानेटकर हे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, कवी गिरीश यांचे चिरंजीव. विजयाबाईंच्या सहवासात नटाचे किती शिक्षण होते हे मराठी रंगभूमी जाणते. परंतु भक्ती बर्वे हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी कायमचे बसले ते १९७५ मध्ये, आणि ते बसविले एका फुले विकणाऱ्या पोरीने.

‘ती फुलराणी’ची पूर्वपीठिका थोडी सांगितली पाहिजे. बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली प्रथम व्हिएन्नात जर्मन भाषेत झाले व पुढील वर्षी लंडनला. ध्वनिशास्त्राचा एक प्राध्यापक रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीस शुद्ध बोलावयास शिकवितो आणि उमरावांच्या समाजात तिला खपवून दाखवितो, हे त्याचे बीज. लंडनच्या पहिल्या प्रयोगात ही भूमिका करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा जवळजवळ पन्नाशीस पोचल्या होत्या. पुढे १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेने हे कथानक जगभर नेले. पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणिताना नुसते रूपांतर केले असते तर नाटक चार प्रयोगांत आटोपले असते. ते स्वतः आकाशवाणीत नोकरी केलेले, कानाने जग ऐकणारे गृहस्थ. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे ते विद्यार्थी, त्यामुळे आपल्याकडची बोलीही त्यांच्या कानावरून गेलेली. त्यांनी प्राध्यापकाचा अशोक जहागीरदार केला, फुलवालीची मंजुळा साळुंके केली, आणि बालकवींच्या कवितेची आठवण देणारे नाव नाटकास ठेविले. दिग्दर्शनही त्यांचेच होते. जहागीरदार झाले सतीश दुभाषी. हा बुद्धिमान नट १९८० मध्ये अकालीच गेला.

आता जरा थांबून एका गोष्टीचा विचार करू. इंग्रजीत उच्चारावरून माणसाचा वर्ग कळतो. मराठीत त्यावरून जिल्हा कळतो, पेठ कळते आणि, स्पष्टच लिहितो, जातही कळते, निदान कळते असे आपण समजतो. ‘पाणी’ म्हणणारा आपला आणि ‘पानी’ म्हणणारा परका, ही सीमारेषा आपल्या किती घरांत लहान मुलांस अक्षरओळखीच्या आधी शिकविली जाते! आमच्याच घरी कामास येणाऱ्या बाईंची मुलगी ओट्यावर बसून आमच्याबरोबर पाढे म्हणे. ती ‘तीन’ बरोबर म्हणे पण ‘आणि’स ‘आनि’ म्हणे, आणि आम्ही पोरे खदखदून हसत असू. तिचे पाढे आमच्याहून चोख होते हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. काही दिवसांनी ती यावयाची थांबली. ‘ती फुलराणी’ मी मुंबईस पाहिली तेव्हा सारे नाट्यगृह हसत होते, मीही हसलो. पण मध्यंतरानंतर ते ओट्यावरचे पोर आठवले आणि हसू ओठांवर थिजले. शॉच्या नाटकाचा दंश मराठीत इतका खोल उतरला याचे कारण पु. लं.च्या लेखणीत आहे, तितकेच ते मंजुळेच्या भूमिकेतही आहे.

ही भूमिका वस्तुतः एक नसून तीन आहेत. आरंभीची मंजुळा रस्त्यावरची; तिची भाषा रांगडी, वेगवान, जशी येईल तशी फेकलेली. शेवटची मंजुळा संस्कारित. तिचा प्रत्येक वर्ण घासूनपुसून आलेला. या दोन टोकांतील कोणतेही एक टोक सामान्य नटीसही साधेल. अवघड आहे तो मधला टप्पा, जेथे उच्चार शिकून झाले आहेत पण बोलावयाचे काय हे अजून उमगलेले नाही. तोंड नव्या भाषेचे आणि मन जुन्या वस्तीतले. मूळ नाटकात प्राध्यापकाच्या आईच्या बैठकीतील प्रवेश याच टप्प्याचा. येथे प्रेक्षकास हसूही यावे आणि त्या मुलीची कीवही येऊ नये, असा तोल राखावा लागतो. भक्तीबाईंनी तो राखला. ज्या बाई दिवसा शुद्ध मराठीचा नमुना म्हणून आकाशवाणी-दूरदर्शनवर बोलत त्याच रात्री ती शुद्धता गळ्यातून काढून ठेवीत, आणि तीन तासांत प्रेक्षकांसमक्ष पुन्हा एकेक अक्षराने परत मिळवीत. शुद्ध बोलणाऱ्याने अशुद्धाची नक्कल करणे हे विनोदी नाटकात नेहमीचेच. त्यात बहुधा हेटाळणी असते. त्यांच्या मंजुळेत ती नव्हती. पहिल्या अंकातील मुलीची भाषा ही अपुरी भाषा नसून एक निराळी, भरभक्कम, स्वतःची लय असलेली भाषा आहे, असे त्यांच्या तोंडून ऐकताना वाटे. म्हणूनच पुढे ती भाषा सुटू लागली की काही मिळत असल्याबरोबर काही हरवत असल्याचेही जाणवे.

त्या नाटकातील मास्तरांवर सूड उगविण्याची प्रतिज्ञा करणारे मंजुळेचे दीर्घ स्वगत तर मराठी घरांत आरतीसारखे पाठ झाले. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत किती मुलींनी ते म्हटले असेल याची गणती नाही. त्यातील बहुतेकींनी मंजुळेची नक्कल केली नाही, भक्ती बर्वे यांची केली, आणि परीक्षकांनी त्यांस त्यावरच गुण दिले. एखादी भूमिका नटाच्या नावावर अशी कायम लिहिली जाणे हे भाग्य खरे, पण ते नटास बांधूनही ठेविते. भक्तीबाईंनी त्यापुढेही पुष्कळ कामे केली हे पुष्कळांस ठाऊक नसते याचे कारण तेच.

रुपेरी पडद्यावर त्या थोड्याच दिसल्या, परंतु दिसल्या त्या एका अशा चित्रपटात की जो विसरला जाणार नाही. १९८३ मध्ये कुंदन शाह यांनी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने ‘जाने भी दो यारो’ काढला. मुंबईतील ठेकेदार, म्युनिसिपालिटीचे अधिकारी व कोसळलेला पूल यांची ती कडवट हास्यकथा. नसीरुद्दीन शाह व रवी बासवानी हे दोन भोळे छायाचित्रकार, आणि त्यांस कामास लावणारी ‘खबरदार’ पत्राची संपादिका शोभा सेन म्हणजे भक्ती बर्वे. ही संपादिका सत्याच्या गोष्टी बोलते आणि आतून सौदा करीत असते. येथे त्यांचा तो स्वच्छ, विश्वास वाटावा असा निवेदिकेचा आवाजच दिग्दर्शकाने हत्यार म्हणून वापरला आहे. असल्या आवाजाची बाई लबाडी करील हे त्या दोघां पोरांस जसे सुचत नाही तसे आपणांसही सुचत नाही. चित्रपट त्या वेळी फारसा चालला नाही, मागाहून मात्र त्यास मोठा लौकिक लाभला आणि २०१२ मध्ये तो नव्या प्रतीसह पुन्हा चित्रगृहांत आला. तोवर शोभा सेन हयात नव्हत्या.

त्यांचा विवाह नट व दिग्दर्शक शफी इनामदार यांच्याशी झाला. शफी मूळचे कोकणचे, दापोलीकडील. ‘अर्धसत्य’मधील पोलीस अधिकारी आणि दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ यांमुळे सर्वपरिचित झालेले. दोघांचे धर्म निराळे, रंगभूमी एक. अशा विवाहांविषयी आपल्या समाजात काय काय बोलले जाते हे आपण सारे जाणतो. ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. दि. १३ मार्च १९९६ रोजी शफी पन्नाशीतच हृदयविकाराने गेले.

अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये भक्तीबाईंनी जी आई उभी केली तिने आपल्या घरांत जेवढी वादळे उठविली तेवढी अनेक व्याख्यानमालांनी उठविली नसतील. पुरुष नोकरीतून निवृत्त होतो, तर बाई स्वयंपाकघरातून का होऊ नये, हा साधा प्रश्न. नाटक पाहून आलेले गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागताना जरा आवाज खाली करीत, असे आमच्या सौभाग्यवतींचे निरीक्षण आहे. पुढे अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये त्या कस्तुरबा झाल्या. महात्माजी व त्यांचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांच्या संघर्षात सापडलेली ही माता बोलते थोडे. मंजुळेचे सारे सामर्थ्य बोलण्यात होते, कस्तुरबांचे न बोलण्यात. ज्या नटीची ख्याती वाणीची, तिने मौनाची भूमिका पेलावी यातच तिची योग्यता कळते. संगीत नाटक अकादमीने त्यांस १९९० चा पुरस्कार देऊन अभिनयाचा गौरव केला होता.

अखेरच्या दिवसांत त्या ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम करीत. पु. ल. दि. १२ जून २००० रोजी निवर्तले. त्यानंतर महिन्यामागून महिने गेले तरी लोकांस त्यांच्याविषयी ऐकण्याची तहान होती. नेपथ्य नाही, सोबतीस जहागीरदार नाही. एकट्या बाईने उभे राहावे, पु. लं.च्या आठवणी सांगाव्या आणि मध्येच पंचवीस वर्षांपूर्वीची मंजुळा होऊन जावे. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीने फुलवाली पोर व्हावयाचे ते केवळ आवाजाच्या बळावर. म्हणजे ज्या विद्येने आकाशवाणीवर आरंभ केला, तीच शेवटी उरली.

फेब्रुवारी २००१ मध्ये हा कार्यक्रम वाईस झाला. महाबळेश्वराहून उतरलेली कृष्णा वाईच्या घाटांवरून, माहुलीवरून, कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीस येते. सांगलीच्या लेकीची सेवा त्याच नदीच्या वरच्या अंगास, ढोल्या गणपतीच्या गावी रुजू झाली. कार्यक्रम आटोपून त्या मोटारीने मुंबईस निघाल्या. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग तेव्हा पुरता बांधूनही व्हावयाचा होता. त्या मार्गावर भाताण बोगद्यानजीक दि. १२ फेब्रुवारी रोजी अपघात होऊन त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. पु. लं.च्या निधनास त्याच दिवशी बरोबर आठ महिने झाले होते.

फुलराणी त्यानंतरही होत राहिली. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा निरनिराळ्या पिढ्यांच्या अभिनेत्रींनी मंजुळा केली व आपापल्या परीने नवी केली.

आमच्या आत्याबाईंस मी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईस ‘ती फुलराणी’ला नेले होते. त्या वेळी त्या दोन मुलांच्या आई होत्या व नाटकास येण्याआधी त्यांनी यजमानांस विचारले होते. प्रयोग संपल्यावर बाहेर येऊन आम्ही बसची वाट पाहत उभे राहिलो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग एकाएकी त्यांनी त्या स्नेहसंमेलनातील आपल्या भाषणाची पहिली दोनचार वाक्ये, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, खणखणीत आवाजात म्हणून दाखविली. रांगेतील माणसे वळून पाहू लागली. बस आली तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, पुढचे आठवत नाही बघ,” आणि पदर सावरून चढल्या.